आधी भाकरी, मग गोळी

पूर्णा
१४ जानेवारी २०२५

आदरणीय अक्का,
सविनय जय भीम.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र उचलावं लागत नाही. पोस्टमन ते दारात टाकतो आणि मग ते आपलं घरातच पडून राहतं. तू तीस वर्षं मास्तरीण होतीस, लिहिलेला कागद न वाचता फेकणं तुला जन्मात जमायचं नाही, या भरवशावर लिहिते आहे.

आज नामविस्तार दिन. सकाळी विहारात गेले होते. बायकांनी विचारलंच, ‘पालमच्या अक्का आल्या न्हाईत का औंदा?’ मी म्हणाले, ‘मनगट दुखायलंय तिचं, बसचे धक्के सोसत न्हाईत.’ सव्वा वर्ष झालं, हेच सांगते आहे. मनगट दुखतं हे खरं आहे. ते कशानं मोडलं हे मी कुणाला सांगत नाही.

तू त्या भाद्रपद पौर्णिमेला विहाराच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडलीस. रात्रभर दवाखान्यात सलाईन. दुसऱ्या दिवशी सकाळी सुगत पालमहून आला आणि दवाखान्याच्या दारातच मला म्हणाला, ‘मावशी, तुमचे सल्ले तुमच्यापाशी ठेवा. माझी आई आता तुमच्या घरचं पाणीबी पिणार न्हाई.’ मी ज्याला कडेवर घेऊन आख्खी पूर्णा दाखवली तो सुगत! मला राग आला नाही गं. राग यायला आपली बाजू लागते.

अक्का, तुझ्याकडे माझं एकच मागणं आहे. एकदा माझ्या घरी येऊन जेव. बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस वाटलं तर. पण जेवून जा. तेवढ्यासाठी हे पत्र आहे, बाकी सगळा पसारा.

आता पसारा सांगते. माझं वजन सध्या एकाहत्तर किलो आहे. तू हसशील, वजन हा काय पत्रात लिहायचा विषय आहे. पण सगळं सुरू तिथूनच झालं ना?

मी ब्लाउज शिवणारी बाई. मला माणसाचं वजन काट्यावर कळत नाही, शिवणीत कळतं. गिऱ्हाईक जुना ब्लाउज उसवायला घेऊन आलं की मी ओळखते, हिच्या पोरीचं लग्न उरकलं आणि ही निवांत झाली. शिवणीच्या आत आम्ही जास्तीचं कापड दुमडून ठेवतो, माया म्हणतो त्याला. माझ्या स्वतःच्या ब्लाउजांची सगळी माया संपली तेव्हा मला जाग आली. नागनाथच्या भुसार दुकानात पोत्यांचा काटा आहे, तिथं गेले. त्यानं हरभऱ्याचं पोतं उतरवून मला उभं केलं आणि नेहमीच्या सवयीनं ओरडला, ‘शहाऐंशी!’ आतल्या हमालानं ते पाटीवर लिहूनही टाकलं, हरभऱ्याच्या खाली. मी घरी येऊन रडले. हे म्हणाले, ‘रडू नकोस, हरभऱ्याला भाव चांगलाय.’ तुझ्या मेहुण्याचा स्वभाव तुला माहीत आहेच.

त्यानंतर मी काय केलं ते तू पाहिलंस. पौर्णिमेला आपण अष्टशील घेतो, दुपारी बारानंतर जेवत नाही. मी म्हटलं, महिन्यातून एकदा जमतं तर रोज का जमू नये? दहा महिन्यांत अठरा किलो उतरले. अडुसष्टवर आले. मग काय विचारतेस! शिवायला येणाऱ्या कमी आणि विचारायला येणाऱ्या जास्त. मशीन थांबवून मी एकेकीला सल्ले द्यायची. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते.

सोबत जवसाच्या चटणीचा डबा पाठवते. पालमच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा आहे, तो स्टँडवरच्या पानटपरीत ठेवील. तेल कमी घातलं आहे, लसूण तुझ्या आवडीसारखा भरपूर.

तुझी लहान बहीण,
सुकेशनी


पूर्णा
१३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय अक्का,
सविनय जय भीम.

डबा पोचला. रिकामा.

आपल्या आईनं कधी कुणाचा डबा रिकामा परत केला होता का? बहात्तरच्या दुष्काळात शेजारणीच्या वाटीत घालायला काही नव्हतं, तर तिनं चिमूटभर मीठ घालून वाटी परत दिली होती. ती गोष्ट मला तूच सांगितलीस, मी तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते. तेव्हा रिकाम्या डब्याचा अर्थ मला समजावून सांगायची गरज नाही. स्वच्छ घासून, पुसून, झाकण गच्च लावून पाठवलास. मी तो दोन दिवस फळीवर ठेवला नाही, चुलीपाशीच राहू दिला.

तरी एक सांगू? झाकणाच्या रबराखाली लसणाचा वास होता. चटणी तू ओतून दिली असतीस तर डबा तेव्हाच विसळला असतास. वास मुरायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे खाल्लीस. एवढ्यावर मी महिना काढीन.

काल माघ पौर्णिमा झाली. आमच्या शेजारच्या कमलबाई तुला आठवत असतील, व्यंकटराव पाटलांच्या. तुला दरवेळी उंबराचा चीक गुडघ्याला लावायला सांगायच्या त्या. त्यांनाही आता तुझ्यासारखी साखर निघाली आहे. काल सकाळी येऊन म्हणाल्या, ‘सुकेशनीबाई, तुमी वजन उतरवलं तसं मीबी आजपासून दुपारनंतर तोंड बंद ठेवणार. एकादश्या लय केल्या, एक पुनव तुमची करून बघते.’

माझ्या हातातली कात्री खाली पडली. मी विचारलं, ‘गोळ्या चालू हायत का?’

‘हायत की. दोन टाइम.’

‘मग न्हाई करायचं.’

‘आँ? तुमीच तर सगळ्यांला सांगत होतात!’

मी चप्पल घातली, त्यांच्या गोळ्यांची पिशवी घेतली आणि त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या सिस्टर प्रियांका म्हणून आहेत, पंचविशीची पोरगी असेल, पण जीभ धारदार. तिनं गोळ्या टेबलावर मांडल्या, एक बाजूला सरकवली आणि कमलबाईंना म्हणाली, ‘आजी, उपास माणसाला करता येतो, गोळीला करता येत न्हाई. ही पोटात गेली की साखर खाली ओढणारच. पोटात भाकरी असली तर भाकरीची ओढंल. भाकरी नसली तर तुमची.’

मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आन् वजन कमी करायचं तर आधी हितं यायचं. डॉक्टर गोळीचं माप बदलून देतेत. शेजारणीला विचारून न्हाई करायचं.’ तिला माझं नाव माहीत नव्हतं. असतं तरी तिनं हेच म्हटलं असतं.

तू पडलीस त्या संध्याकाळी तुझं हेच झालं. तू सवयीनं संध्याकाळची गोळी घेतलीस, पोटात काही नव्हतं. सवय वाईट असते. माणूस विचार करत नाही, हात आपोआप डबीकडे जातो. असं कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं.

कमलबाईंनी काल रात्री सात वाजता ज्वारीची भाकरी आणि शेपूची भाजी खाल्ली. मी भिंतीवरून बघितलं.

तुझी,
सुकेशनी


पूर्णा
१६ मार्च २०२५

आदरणीय अक्का,
सविनय जय भीम.

उत्तर नाही. हरकत नाही. मनगटानं लिहिता येत नसेल असं मी धरून चालते. तसं धरलं की झोप लागते.

आज तुला ते सांगते जे मी आमच्या गल्लीत कुणाला सांगितलं नाही. अठरा किलो उतरले तेव्हा माझे केस मूठ-मूठ गळत होते. मशीनवर बसले की सुईच्या जागी दोन सुया दिसायच्या. बायका म्हणायच्या, ‘लय हलक्या झालात!’ आणि मी उठताना भिंतीला हात लावायची. चिडचिड तर इतकी, की हे घरी आले की आधी चपला दारात काढून माझ्या चेहऱ्याचा अंदाज घ्यायचे. पण मी कशी कबूल करणार? गुरूच्या गादीवर बसले होते ना!

तू पडलीस, त्यानंतर महिनाभरानं मी स्वतःच्या पायानं दवाखान्यात गेले. रक्त कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, एवढ्या घाईनं उतरवायचं नसतं बाई, चरबीसोबत ताकदही उतरते. तेव्हापासून संध्याकाळी जेवते. तीन किलो परत आले आणि ते आले ते बरंच झालं. वर्ष झालं, एकाहत्तरवर काटा थांबला आहे. नागनाथ आता ओरडत नाही, नुसता मान हलवतो.

काय करते विचारशील, तर खास काही नाही. सात वाजता जेवते आणि मग खरकटं आवरून थेट झोपत नाही, रेल्वे कॉलनीच्या कडेनं दोन चकरा मारते. हे पुढं, मी मागं, कारण बरोबर चाललो की भांडण होतं. पूर्वी तीन भाकरी आणि चमचाभर भाजी असायची, आता भाकरी दीड आणि भाजी वाटीभर. सोबत वरण किंवा मटकी, नाहीतर अंडं. तू म्हणायचीस ना, आपल्या माणसांनी गरिबीत भाजी-कोरड्यास कमी आणि भाकरी जास्त खाल्ली, ती सवय पैसा आला तरी सुटली नाही. खरं आहे ते. चहातली साखर सोडायला मला फार जड गेलं, नवरा सोडणं सोपं असतं. रोज अर्धा चमचा कमी करत आणली. पहिल्या दिवशी बिनसाखरेचा प्यायले तेव्हा तो चहा नव्हताच, काढा होता. आता गोड चहा दिला तर मळमळतं. लग्नाच्या पंगतीत मात्र मी बुंदी खाते. एकदाच घेते, पण खाते. पंगतीत बसून तोंड वाकडं करणारी माणसं मला आवडत नाहीत.

काटा आठवड्यातून एकदाच. रोज उभं राहिलं की माणूस वेडा होतो.

भोपळ्याचा रस, मेथीचं पाणी, दालचिनी, मोबाईलवर येणारं ते सगळं मी करून बघितलं होतं. पैकी भोपळ्यानं मला फक्त भोपळ्याचा कंटाळा दिला.

बघ, पान भरलं. आणि मी जे लिहायला बसले होते ते यात कुठंच आलं नाही. आत्ता ह्यांनी पाणी प्यायला येऊन पत्रावर नजर टाकली. तुझा मेहुणा वाचत नाही म्हणतो, पण सगळं वाचतो. म्हणाला, ‘तीन पत्रं झाली. भोपळा आला, बुंदी आली. खरं एकात बी आलं न्हाई.’

मी म्हणाले, ‘कोणतं खरं?’

‘मला काय विचारायलीस. त्या दिवशी पाण्याचा तांब्या मीच आणून दिलता की.’

आणि ते अंगणात जाऊन बसले. मी हे पत्र इथं बंद करते. मला धीर नाही.

सुकेशनी


पूर्णा
१६ एप्रिल २०२५

अक्का,

जयंती झाली. परवा सगळी पूर्णा निळी होती आणि मी दारात पाण्याचा हंडा ठेवून मिरवणुकीला पाणी देत होते. एकेकाच्या हातात ग्लास द्यायचा. देता देता मी तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले. ह्यांनी माझ्या हातातून तांब्या घेतला आणि म्हणाले, ‘लिहून टाक.’

लिहिते.

गोळी तू सवयीनं घेतली नाहीस. मी दिली.

सकाळी भन्तेजींनी अष्टशील देण्याआधी स्पष्ट सांगितलं होतं, आजारी माणसानं आणि औषध घेणाऱ्यानं हे घेऊ नये, त्यांना पंचशील पुरे. तू हात खाली घेतलास. मी तुझा हात धरून वर केला. तू माझ्याकडे बघितलंस आणि हसलीस, आणि तो हात वरच ठेवलास.

संध्याकाळी सहा वाजता तू पलंगावर बसली होतीस. हातात डबी होती. मला विचारलंस, ‘सुके, रातची गोळी घेऊ का नको गं? जेवायचं तर न्हाई.’ तुला शंका आली होती. तुझं बरोबर होतं. मी ब्लाउजला हूक लावत होते, मान वर न करता म्हणाले, ‘घे की. औषध कधी चुकवू नये.’ तरी तू घेईनास. मग मी उठले, तुझ्या हातातून डबी घेतली, गोळी काढून तुझ्या तळहातावर ठेवली. ह्यांनी तांब्या आणला. तू माझ्यावर विश्वास ठेवून गिळलीस.

आणखी आहे. विहाराकडे जाताना तू म्हणालीस, ‘हातपाय थरथरायलेत. घाम यायलाय.’ मी म्हणाले, ‘पहिल्यांदा उपास केला की होतं तसं. मलाबी झालतं.’ पाच पावलांवर किराणा दुकान होतं. मूठभर साखर तोंडात टाकली असती तरी भागलं असतं, हे मला नंतर प्रियांका सिस्टरनं सांगितलं. मी तुला दुकानावरून पुढं नेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, उपाशीपोटी ही गोळी कुणी दिली? मी भिंतीकडे बघितलं. सकाळी शुद्धीवर आल्यावर तू सुगतला सांगितलंस, ‘मीच घेतली. सवयीनं.’ मला वाटलं, तुला खरंच आठवत नाही. देवाशप्पथ म्हणायची सोय आपल्याला नाही, पण खरं सांगते, मला बरं वाटलं. तू मनगट मोडून पडली होतीस आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच मला जास्त लाज वाटते.

का केलं असं, हे मी स्वतःला फार विचारलं. लहानपणापासून सगळं तू मला शिकवलंस. बाराखडी, सायकल, शिवणकाम, नवऱ्याशी कसं बोलायचं तेही. जन्मात पहिल्यांदा मी तुला काहीतरी शिकवत होते आणि तू ऐकत होतीस. ती गोडी लागली मला. चहातल्या साखरेपेक्षा वाईट गोडी.

माफी मागत नाही. सुगत म्हणाला ते खरं होतं, फक्त त्याला अर्धंच माहीत आहे. उरलेलं तू त्याला सांग, नाहीतर मी सांगते. तू म्हणशील तसं. यानंतर जेवायला ये असं मी म्हणणार नाही. तो हक्क मी आत्ता या कागदावर सोडला.

सुकी


पूर्णा
१८ मे २०२५

माझी अक्का,
सविनय जय भीम.

परवा सकाळच्या गाडीनं तू गेलीस आणि घर एकदम मोठं झालं. जाताना स्टँडवर म्हणालीस, ‘ते मार्चचं पत्र चांगलं हाय. आमच्या पालमच्या बायकांत वाचून दाखवीन. पण त्यात गोळ्याचं काईच न्हाई लिहिलंस. ते लिहून पाठव.’ म्हणून हे लिहिते. आणि आणखी एका कारणासाठी. तू घरात होतीस तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं नाही ते कागदावर निघतं.

बुद्ध पौर्णिमेला दुपारी चार वाजता दार वाजलं तेव्हा मला वाटलं गिऱ्हाईक आहे. ‘आत या, माप घेते,’ असं मी मशीनवरूनच ओरडले. बाहेरून आवाज आला, ‘माझं माप तू घेतलंस तेवढं पुरं झालं.’ अक्का, मी पायानं दाबलेलं मशीन तसंच चालू राहिलं आणि एका बाईच्या ब्लाउजची बाही पार पाठीला शिवली गेली. ती उसवायला मला दुसरा दिवस लागला. उसवताना मी गात होते असं हे सांगतात.

तू पाणी प्यायलीस. माझ्या घरचं. मी तांब्याकडे बघत राहिले.

मी म्हणाले, ‘पत्र पोचलं?’ तू म्हणालीस, ‘चारी पोचले.’ मग जे बोललीस ते मी विसरणार नाही. ‘मला त्या दिवशी सगळं आठवत होतं, सुके. डबी कुणी घेतली, गोळी कुणी ठेवली. सुगत तापट हाय, तुझं नाव घेतलं असतं तर त्यानं जन्माची तोडली असती. म्हणून मीच खोटं बोलले. म्हटलं, चार दिसांनी ही येईल आन् खरं सांगल. चार दिसांचं दीड वर्ष झालं. तू चटण्या पाठवायलीस, सल्ले पाठवायलीस. खरं तेवढं पाठवीनास.’

म्हणजे तू माझ्या उपासावर रागावली नव्हतीस, मोडलेल्या मनगटावरही नव्हतीस. आणि मी दीड वर्ष चुकीच्या जागी ठिगळ लावत बसले होते.

सात वाजता मी भाकरी टाकल्या. पौर्णिमा होती, पण तू सरळ ताटावर बसलीस. म्हणालीस, ‘भन्तेजींनी पंचशील पुरे म्हणून सांगितलं ना? आता कुणी माझा हात वर करायचा न्हाई.’ तुला उजव्या हातानं भाकरी मोडता येत नाही हे मी पहिल्यांदा बघितलं. डाव्या हातानं दाबून धरतेस आणि उजव्यानं ओढतेस. मी चुरून देऊ का म्हटलं तर डोळे वटारलेस. दीड भाकरी, वांग्याचं भरीत, वाटीभर वरण. मी समोर बसून घास मोजले नाहीत, पण मोजल्यासारखं बघत होते.

जेवण झाल्यावर तू पिशवीतून डबी काढलीस. मला वाटलं, आता स्वतः घेईल. तू ती डबी माझ्यापुढं धरलीस.

‘दे.’

मी खरकटी ताटं गोळा करायला लागले. तू तशीच धरून बसलीस. वर्गात एखादं पोर उत्तर देत नसलं की तू अशीच थांबायचीस म्हणे, तास संपला तरी. शेवटी मी डबी घेतली, हिरवी गोळी काढली आणि तुझ्या तळहातावर ठेवली. ह्यांनी तांब्या आणला. तू गिळलीस आणि म्हणालीस, ‘हं. आधी भाकरी, मग गोळी. एवढंच होतं.’

मला रडू आलं ते तुला दिसलं. ह्यांनाही आलं, ते त्यांनी अंगणात जाऊन उरकलं.

आणि मग तू सुगतला फोन लावलास आणि माझ्या हातात दिलास. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, एका दमात, पाढे म्हटल्यासारखं. डबी, गोळी, थरथर, किराणा दुकान, भिंत. मग तो म्हणाला, ‘मावशी, आई जेवली का?’

मी म्हणाले, ‘जेवली.’

‘गोळी?’

‘जेवल्यावर दिली.’

‘कुणी दिली?’

‘मी.’

मग म्हणाला, ‘तिला संध्याकाळी ध्यान राहत न्हाई. मी दुकानातून नऊला घरी येतो. रोज सातला तुमी फोन करून विचारत जा. मला बी घोर राहणार न्हाई.’ आणि अगदी ठेवता ठेवता, ‘तुमी बी जेवा.’

अक्का, बारा तारखेपासून मी अशी झोपते आहे की हे आरसा धरून श्वास बघतात.

आता पालमच्या बायकांसाठीचं लिहून देते, जसं आहे तसं वाच. बायांनो, वजन कमी करा, पण ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी जेवणाची वेळ किंवा उपास बदलण्याआधी गोळ्यांची पिशवी घेऊन दवाखान्यात जा. गोळी आपल्या मनानं सोडू नका आणि उपाशीपोटी घेऊही नका. साखरेच्या माणसाला एकाएकी घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधार असं झालं आणि तो शुद्धीवर असला, तर आधी गूळ-साखर तोंडात, मग दवाखाना. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही कोंबू नका, सरळ उचलून न्या. कनवटीला खडीसाखरेची पुडी ठेवा, तपकिरीच्या डबीपेक्षा ती बरी. आणि शिवणारीला शिवायचं विचारा. हे शेवटचं वाचताना माझं नाव घेतलंस तरी चालेल.

चटणीचा डबा तू जाताना घेऊन गेलीस हे मी बघितलं. परत पाठवायची घाई नको.

पत्र मोठं झालं, अजून लिहिलं असतं. पण सात वाजायला पाचच मिनिटं राहिली. ताट वाढून घे, मी फोन लावते.

तुझी सुकी